मुलाखत व्हाया काला अंब

मुलाखतीला जाताना बरोबर काय न्यावं याबद्दल इंटरनेटवर पुष्कळ लिहिलेलं आहे. बायोडेटाच्या तीन प्रती, प्रमाणपत्रं, पेन, पाण्याची बाटली. बेचाळीस माणसांनी भरलेली बस नेऊ नये, असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. माझ्यासारख्या साध्या माणसाला या गोष्टी आपोआप सुचत नाहीत.

मी जयदीप खांबेटे, वय एकोणपन्नास, राहणार वसुंधरा, गाझियाबाद. चोवीस वर्षं डिस्पॅचमध्ये काढली. माल कुठून निघाला, कुठे अडकला आणि ड्रायव्हर नेमकं कुठे खोटं बोलतोय, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीने साहिबाबादचं गोदाम बंद केलं आणि मी घरी बसलो. 'घरी बसलो' लिहायला दोनच शब्द लागतात. पण त्या दोन शब्दांत मी आख्ख्या बिल्डिंगचा बिनपगारी नोकर झालो. पाचव्या मजल्याचं कुरियर माझ्याकडे, तिसऱ्याचा गॅस माझ्याकडे, गच्चीवरची टाकी धुणाऱ्यांवर लक्ष ठेवायला मी. "आप तो घर पे ही होते हो ना," असं इतक्या गोड आवाजात विचारतात की नाही म्हणायची सोयच उरत नाही. माझी बायको रेवती केंद्र सरकारच्या नोकरीत. ती सकाळी साडेआठला बाहेर पडायची आणि जाताना मला काही म्हणजे काही बोलायची नाही. ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

अशात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पानिपतच्या एका ब्लँकेट कंपनीतून कृतिका नावाच्या बाईंचा फोन आला. कुंडलीच्या गोदामासाठी डिस्पॅच मॅनेजर हवा होता, मुलाखत पानिपतच्या ऑफिसात. पाच महिन्यांत सत्तावीस अर्ज केले होते, त्यातलं हे पहिलं बोलावणं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरं येईल की नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

आधी त्यांच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा होता. आमची कन्या वैभवी, इयत्ता अकरावी, जन्म आणि भाषा दोन्ही दिल्लीची, लॅपटॉप घेऊन बसली. पहिल्याच पानावर 'सध्याची कंपनी' आणि 'ऑफिसचा ई-मेल' अशा दोन चौकटी होत्या, दोन्हीवर लाल तारा.

"बाबा, सिंपल आहे. लिहून टाक, बिटवीन जॉब्स."

"बिटवीन म्हणजे? अलीकडे एक नोकरी होती. पलीकडे कुठे आहे?"

"यार बाबा, सगळे लिहितात."

सगळे लिहीत असतील. मी नाही लिहिलं. साहिबाबादच्या कंपनीचं नाव घातलं आणि खाली माझा जुना ऑफिसचा ई-मेलही ठोकून दिला. वैभवीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चौकट सक्तीची आहे. खरं कारण असं की त्या चौकटीत 'नाही' असं लिहायला माझा हात धजावेना. ही चौकट नीट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आता तारीख. चौदा जानेवारी, दुपारी बारा. स्थळ पानिपत.

मराठी वाचकाला यापुढे काही सांगायला नको. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कौशल्याकाकूंना मात्र कुणी काही सांगायला नको होतं. रेवतीने हळदीकुंकवाची यादी करता करता सांगून टाकलं. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखत असताना जिना उतरून खाली आल्या.

"जयदीप, संक्रांतीच्या दिवशी, पानिपतात, नवीन काम?"

"काकू, तारीख त्यांनी दिली आहे."

"तेव्हाही तारीख अब्दालीनेच दिली होती. आमच्या घराण्यातले दोघे गेले, त्यांचा निरोपसुद्धा आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे पानिपतहून काही आलेलं नाही. ना माणूस, ना वस्तू. तू तारीख बदलून घे."

मी नाही म्हणालो. काकू रेवतीशी बोलल्या, रेवती माझ्याशी बोलली, आणि शेवटी घरात शांतता हवी म्हणून मी कृतिकाबाईंना फोन लावला. दुसरी तारीख मिळेल का, विचारलं.

"सर, कोई मेडिकल रीज़न?"

"नहीं मैडम. हिस्टॉरिकल है."

पलीकडे की-बोर्डवर काहीतरी टाइप झाल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या की मालक पंधराला बाहेरगावी चाललेत, चौदालाच या. मी फोन ठेवला. त्या फोनने मी नक्की काय कमावलं हे मला आजवर कळलेलं नाही.

जायचं कसं, हा पुढचा प्रश्न. आमच्या हिंडनतीर मराठी मंडळाची बस दरवर्षी चौदा जानेवारीला काला अंबला जाते. पानिपतच्या रणभूमीवर स्मारक आहे, तिथे अभिवादन, दोन भाषणं, जेवण आणि परत. मंडळाचे कार्यवाह नरसिंहराव अग्निहोत्री, कुठल्याशा मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. जेवणाच्या टेम्पोची जबाबदारी त्यांनी आधीच माझ्यावर टाकली होती, कारण काय तर मी घरीच असतो. रेवती म्हणाली, "बस तिकडेच चालली आहे, धुक्यात एकटे कशाला जाता?" नरसिंहरावांनी तर वेळापत्रकच पाठवलं. प्रस्थान सकाळी सहा. खाली अधोरेखित: सहा म्हणजे सहा. पानिपत साडेनऊ. 'श्री. खांबेटे यांस मुलाखतस्थळी सोडणे' ही त्यात चौथ्या क्रमांकाची बाब होती.

कोटाचं काम रेवतीने अंगावर घेतलं. माझा जुना कोट पोटाशी मिटेना. दुकानात जाऊ म्हटलं तर म्हणाली, सरोजिनी नगर माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, तिथे एक्स्पोर्टचा माल मिळतो, कुणाला कळत नाही. तिने घासाघीस करून काळा ब्लेझर आणला. संक्रांतीला काळं चालतं, म्हणून काकूही खूश. ब्लेझर अंगाला बरा बसला. फक्त डावा खिसा शिवलेला होता आणि उजव्याला भोक होतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि रेवतीने बघितलं नव्हतं.

चौदा तारखेला मी पावणेसहाला हजर. बस आली साडेसहाला. नरसिंहराव आले पावणेसातला, कारण वेळापत्रकाच्या प्रती काढायच्या राहिल्या होत्या. काकूही आल्या. "तू जातोच आहेस तर मी सोबत असलेली बरी," असं म्हणून त्यांनी माझ्या उजव्या खिशात तिळाच्या लाडवांची पुडी कोंबली. सात वाजून दहा मिनिटांनी बस हलली, आणि बाहेर पाहिलं तर पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते, इतकं धुकं.

मला डोळे मिटून बसायचं होतं. पण बसमध्ये गाण्याच्या भेंड्यांसाठी माइक होता आणि अमोल होता. अमोल लातूरचा मुलगा, मुखर्जी नगरला राहून यूपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नाची तयारी करतो. नरसिंहरावांनी जाहीर केलं की खांबेट्यांची सराव मुलाखत घेण्यात येईल. अमोलने माइक हातात घेतला.

"काका, ताण घेऊ नका. केंद्र-राज्य संबंधांवर थोडक्यात बोला."

"अमोल, मला ब्लँकेटं पाठवायची आहेत."

"तरीसुद्धा दृष्टिकोन बघतात. बरं, तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

मी विचार करत होतो तोवर मागून उत्तर आलं, लवकर चिडतो. डाव्या बाजूने सुधारणा आली, चिडत नाही, मनात ठेवतो. काकू म्हणाल्या, अहंकार, पण मनाने चांगला. यावर आठ-दहा मिनिटं खुली चर्चा झाली आणि माझे दोष आवाजी मतदानाने मंजूर झाले. मी माइकला हातसुद्धा लावला नव्हता.

मुरथळला बस थांबली. थांबायचं वेळापत्रकात नव्हतं, पण मुरथळ आलं आणि पराठा खाल्ला नाही असा माणूस अजून हरियाणाने पाहिलेला नाही. मी नुसता चहा घेतला आणि घड्याळ दाखवलं. सगळे म्हणाले, बिल्कुल, पाच मिनिटांत निघू. पन्नास मिनिटं गेली. कुणी पांढरं लोणी दुसऱ्यांदा मागवलं ते मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. ते मंडळाचे कार्यवाह आहेत.

पावणेबारा वाजता आम्ही कंपनीच्या गेटसमोर उभे. मी उतरलो. पाठोपाठ काकू उतरल्या.

"काकू, तुम्ही कुठे?"

"अरे, बायकांना बाथरूमला जायचं आहे. मुरथळला रांग फार मोठी होती."

त्यांच्यामागे सतरा बायका उतरल्या. त्यांच्यामागे पाय मोकळे करायला पुरुष. गेटवरचा गार्ड नियमाचा पक्का होता. प्रत्येकाचं नाव, गाव, मोबाइल नंबर आणि 'किससे मिलना है' हे रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय तो कुणाला आत घेईना. चौथ्या रकान्यात सगळ्यांनी माझं नाव लिहिलं. कृतिकाबाई दारात आल्या तेव्हा त्यांना अभिवादनासाठी भगवे फेटे बांधलेली रांग दिसली आणि रांगेच्या शेवटी मी.

"सर, ये सब आपके साथ हैं?"

त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. तेवढ्यात काकूंनी रांगेतूनच त्यांना हात केला.

बस काला अंबला गेली आणि बारा वाजून वीस मिनिटांनी मी एकदाचा केबिनमध्ये बसलो. मालक अशोक बत्रा, साठीचे, साध्या हातविणीच्या स्वेटरमधले. त्यांनी हस्तांदोलन केलं आणि हात न सोडता माझी बाही दोन बोटांत चोळली.

"सरोजिनी?"

"जी."

"अच्छा माल है. धागा यहीं का है."

मी खाली बसलो. बसताना उजव्या खिशाच्या भोकातून एक लाडू निसटला आणि टेबलाखालून घरंगळत थेट त्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला. मग दुसरा. त्यांनी वाकून पाहिलं. मी म्हटलं, तिळगूळ है सर, आज के दिन देते हैं. असा देत नाहीत, हे सांगायची गरज नव्हती.

"अभी आप कहाँ हैं?" त्यांनी फॉर्म पाहत विचारलं.

"जी, साहिबाबाद में," मी म्हणालो. गोदाम साहिबाबादलाच आहे. कुलूप लावलेलं आहे, एवढंच.

तेवढ्यात काचेच्या टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरू लागला. आत यायचा पास त्याच्यावर होता, म्हणून बंद करता आला नव्हता. मी कापला. परत आला. तिसऱ्यांदा बत्राच म्हणाले, "उठा लीजिए, कोई परेशान है."

जेवणाच्या टेम्पोचा ड्रायव्हर श्याम होता. "सर, आगे बहादुरगढ़ लिखा आ रहा है."

माझं डोकं सणकलं. कुंडलीला उतरायचं सोडून हा पठ्ठ्या सरळ पश्चिमेकडच्या एक्सप्रेस-वेला लागला होता. बेचाळीस माणसांचं जेवण, मसालेभात, भरली वांगी आणि गुळाच्या पोळ्या, पानिपतकडे पाठ करून निघालं होतं. मी विसरलो की मी मुलाखतीला बसलोय. चोवीस वर्षांची सवय, आवाजच बदलला.

"श्याम, रुक मत, मुड़ मत. खरखौदा वाले कट पे उतर. वहाँ से सोनीपत, फिर जीटी रोड. टोल की पर्ची संभाल के रख. बीस मिनिट में मुझे बता कहाँ है. सच बताना."

फोन ठेवला तेव्हा बत्रा आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या कृतिकाबाई, दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी माफी मागितली. बत्रांनी विचारलं, काय झालं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सर, हमारे बयालीस लोग काला अंब पर बैठे हैं और खाना रास्ता भूल गया है."

बत्रांनी पेन खाली ठेवलं. मग कृतिकाबाईंकडे वळून म्हणाले, "पिछली बार भी यही हुआ था."

"कब सर?"

"सत्रह सौ इकसठ में."

खरं सांगतो, मला राग आला. सकाळपासून पोटात नुसता चहा, खिशाला भोक, बायोडेटाला गुळाचा पाक, आणि आता हे पण ऐकायचं. मी म्हणालो, "सर, ड्राइवर तो रास्ता भूलेगा ही. आज भी, तब भी. उसको डाँटने से खाना नहीं पहुँचता. आपको इंटरव्यू लेना है तो लीजिए, पर मुझे हर दस मिनिट में एक फोन करना पड़ेगा." हे मी बोललो आणि लगेच मनात म्हटलं, संपलं. काकू म्हणाल्या तेच खरं.

बत्रांनी फॉर्म बाजूला सारला. मुलाखत संपली असं मी समजलो, पण त्यांनी मला भिंतीवरच्या नकाशाजवळ नेलं आणि टेम्पो आता कुठे असेल ते विचारलं. पुढचा दीड तास आम्ही तेच केलं. श्यामचे सहा फोन आले. पानिपतच्या उड्डाणपुलावर चढला की शहर संपेपर्यंत उतरता येत नाही, म्हणून मी त्याला चारदा सांगितलं, पुलावर चढू नकोस, खालून ये. पाचव्या फोनला तो म्हणाला, "सर, चढ़ गया." मी बत्रांच्या गार्डला स्कूटरवरून पुलाच्या त्या टोकाला पाठवलं, भगवा फेटा बांधून, म्हणजे धुक्यातही दिसेल. फेटा बस गेटवर विसरून गेली होती. अडीच वाजता टेम्पो काला अंबला लागला.

मी तिथे बत्रांच्या गाडीतून गेलो. ते स्वतः आले. म्हणाले, देखते हैं क्या खिलाते हो. इथवर गोष्ट बरी चालली होती. पण स्मारकाच्या हिरवळीवर काकूंनी त्यांना पानावर बसवलं, गुळाच्या पोळीवर तूप सोडलं आणि आपल्या हिंदीत शिफारस सुरू केली.

"बहुत गुणी लड़का है जी. पाँच महीने से घर में बैठा है, कंपनी बंद हो गई ना. पर एक दिन किसी को नाही नहीं बोला. हमारा सिलेंडर भी वही लेता है."

बत्रांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वांग्याकडे पाहिलं. चौकटीतली कंपनी, चौकटीतला ई-मेल, 'साहिबाबाद में', सगळं एका वाक्यात गेलं. त्यांनी आणखी अर्धी पोळी मागून घेतली, नमस्कार केला आणि निघून गेले.

परतीच्या वाटेवर मी खिडकीला डोकं टेकवून झोपेचं सोंग घेतलं. घरी रेवतीने विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, जशी तिथे होते तशी. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, आणि सगळ्यात वाईट हे की खोटं मी बोललो होतो आणि राग मला काकूंचा येत होता.

आठवडा गेला. वैभवी म्हणाली, "बाबा, फॉलो-अप कर ना. थँक्यू मेल पाठवायचा असतो." कसले आभार मानायचे, लाडू उचलल्याचे? तरी दोनदा फोन केला. कृतिकाबाई लग्नाच्या रजेवर होत्या, स्वतःच्याच. दुसऱ्या कुणी सांगितलं, "प्रोसेस में है सर." तिसरा फोन करणं माझ्या स्वाभिमानात बसेना. मला उत्तर कळलेलंच होतं. काकूंचा सिलेंडर आला त्या दिवशी मी दार उघडलं नाही. आत बसून राहिलो. बेल चारदा वाजली.

मग एक दिवस मला स्पीड पोस्टाने पाकीट आलं. आत हिंडनतीर मराठी मंडळाच्या लेटरहेडवर, पानिपतच्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना लिहिलेलं हिंदी पत्र. 'विषय: श्री जयदीप खांबेटे के दिनांक १४ जनवरी के साक्षात्कार के परिणाम के संबंध में. तृतीय स्मरण-पत्र. कृपया उपर्युक्त विषय पर इस मंडल के समसंख्यक पत्र का अवलोकन करें. खेद है कि उम्मीदवार को अब तक कोई उत्तर प्राप्त नहीं हुआ है.' खाली प्रती कुणाकुणाला त्याची यादी. तिसरी प्रत संबंधित उमेदवाराला. शेजारच्या बिल्डिंगमधून चालत दीड मिनिट लागतं.

तृतीय. म्हणजे आधी दोन गेली होती.

मी तसाच चपला घालून गेलो. "नरसिंहराव, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

"सांगायचं काय त्यात? उत्तर आलं नाही, स्मरणपत्र गेलं."

"माझी अब्रू गेली त्यात. लोक काय म्हणतील, वशिल्याला मंडळ लावलं?"

"खांबेटे, स्मरणपत्राने कुणाची अब्रू जात नाही. पस्तीस वर्षांत एक शिकलो. उत्तर आलं नाही म्हणजे उत्तर नाही असं नसतं. कागद कुठेतरी चुकून खाली गेलेला असतो. तो वर काढावा लागतो."

आणि मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "तुम्हाला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आता पत्र लिहायला कुणी उरलं नाही म्हणून माझ्या जिवावर हौस भागवताय."

नरसिंहरावांनी समोरची फाइल मिटली, तिची दोरी हळूहळू बांधली आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. तो न पिताच मी आलो.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी फोन वाजला. बत्रा.

"खांबेटे जी, आपके मंडल की तीन चिट्ठियाँ आई हैं. पहली पढ़ के मैं हँसा. दूसरी फ्रेम करवाने वाला था. तीसरी में लिखा है, उम्मीदवार को कोई उत्तर नहीं मिला. भाई, हमने तो पंद्रह तारीख को ही आपको लेटर भेज दिया था."

"कहाँ भेजा सर?"

"आपके ऑफिस के ई-मेल पर. सिस्टम से जाता है. सिस्टम ने तीन बार पूछा, आपने जवाब नहीं दिया, तो उसने लिख दिया कि आपने मना कर दिया. कृतिका होती तो फोन कर लेती, उसकी शादी थी. सोमवार से दूसरा आदमी बुलाया हुआ है."

मी पलंगावर बसलो. "सर, वो ऑफिस तो अगस्त से बंद है."

"वो तो माताजी ने उसी दिन बता दिया था. मुझे ये बताओ, फॉर्म किसने भरा?"

"मैंने," मी म्हणालो. "चौकट खाली छोड़ने में शरम आई."

हे वाक्य मी पाच महिन्यांत घरी कुणालाही सांगितलं नव्हतं. पानिपतच्या एका ब्लँकेटवाल्याला सांगून टाकलं.

"खाना ढाई बजे पहुँचा," तो म्हणाला, "पर पहुँचा. शनिवार को आ जाओ. दूसरे वाले को मैं देख लूँगा. और अब से ई-मेल अपना देना."

रेवतीला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, "थांबा, मी बाहेर येते जरा." रडत होती हे मला कळलं, आणि तिने ते कळू दिलं नाही असं तिला वाटलं.

संध्याकाळी पेढे घेऊन नरसिंहरावांकडे गेलो. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, दार उघडल्यावर काही आठवलं नाही. "कागद खाली गेला होता," एवढंच म्हणालो. त्यांनी फाइल काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'प्रकरण निकाली' असं लिहिलं, तारीख घातली आणि पेन माझ्या पुढे केलं.

"पोच द्या."

मी सही केली. मग त्यांनी पेढा घेतला. आतून पाण्याचा ग्लास आणला, आणि या वेळी मी तो पूर्ण प्यायलो.

कामाला लागल्यावर पहिल्या शनिवारी गोदामातून एक ब्लँकेट विकत घेतलं आणि वर कौशल्याकाकूंकडे गेलो. त्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी घरात होतो, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुझ्या चपला दारात होत्या." मग त्यांनी ब्लँकेटची घडी उलगडली, पोत पाहिला, बारकाईने चारी कडा तपासल्या आणि खांद्यावर ओढून घेतलं.

"पानिपतहून आमच्या घरात आलेली ही पहिली वस्तू," त्या म्हणाल्या आणि ब्लँकेटवरून दोनदा हात फिरवला. मग नेहमीच्या आवाजात, "रंग जरा उजळ नव्हता का? बरं, सोमवारी सिलेंडर यायचाय. तू असशील ना?"

"काकू," मी म्हणालो, "सोमवारी मी घरी नसतो."

"हो रे. विसरलेच."

खाली उतरताना जिन्यात कुणी नव्हतं. मी ते वाक्य एकदा परत म्हणून पाहिलं.